प्रत्येक जळजळ म्हणजे उन्हाळी नव्हे



वैशाखात दिवसभर उन्हात भांगलण केली, पाणी कमी पोटात गेले, की लघवी पिवळी होते, थोडी थोडी होते आणि जळजळते. आपण म्हणतो, उन्हाळी लागली. भरपूर पाणी, धणे-जिऱ्याचे पाणी किंवा सब्जा घेतला की एक-दोन दिवसांत उतार पडतो. तसा पडला तर काळजी नाही. पण जळजळ थांबली नाही, मूत्रद्वाराशी खाज किंवा लाली आली, अथवा कपड्यावर पू वा स्रावाचा डाग दिसला, तर ती उन्हाळी नव्हे. मूत्रनलिकेला दाह झाला आहे असे समजावे. डाग दिसल्यावर तर एक दिवसही थांबू नये.

या दाहाची कारणे अनेक आहेत. पहिले कारण परमा. त्याचा जंतू आल्बर्ट नायसर या जर्मन डॉक्टरांनी १८७९ साली शोधला. संबंधानंतर बहुधा २ ते ५ दिवसांत घट्ट पिवळा पू येऊ लागतो. दुसरे कारण क्लॅमिडिया. यात १ ते ३ आठवड्यांनी पातळ पांढुरका स्राव येतो, आणि कित्येकांना काहीच जाणवत नाही. दोन्ही जंतू एकदमही असू शकतात. याशिवाय मायकोप्लाझ्मा, ट्रायकोमोनास व हर्पिस हेही कारण असते.

मात्र संबंधाशिवायही दाह होतो. दवाखान्यात लघवीसाठी घातलेली नळी, मार लागणे, मूतखडा सरकणे, उग्र साबण किंवा जंतुनाशक ही त्याची कारणे आहेत. फवारणीचे औषध लागलेल्या हातानेही नाजूक कातडीची आग होते. लघवीला बसण्याआधी हात धुवावेत. मधुमेह आणि उतारवयातील प्रोस्टेटची वाढ यांतही लघवीची तक्रार होते. म्हणून तपासणीआधी घरात कोणी कोणावर संशय घेऊ नये.

डॉक्टर स्रावाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात व लघवीची पहिली धार तपासतात. तेव्हा जाण्यापूर्वी एक-दोन तास लघवी करू नये. सोबत एच.आय.व्ही. आणि उपदंशाची रक्ततपासणीही करून घ्यावी.

पिकावर मावा आहे की करपा, हे न पाहता शहाणा शेतकरी फवारणी करीत नाही. मग औषधाच्या दुकानात नुसते "जळजळतंय" सांगून चार गोळ्या का घ्याव्यात? अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, उलट चिवट होतात. एके काळी परमा पेनिसिलीनच्या सुईने बरा होई. आज त्या औषधावर विसंबता येत नाही. आता परम्यासाठी सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनची सुई किंवा सेफिक्झिम, आणि क्लॅमिडियासाठी डॉक्सिसायक्लिन ७ दिवस अथवा अझिथ्रोमायसिन देतात. कोणते व किती, हे डॉक्टरच ठरवतील. बरे वाटले तरी मात्रा पूर्ण करावी.

जंतुसंसर्ग निघाला तर पत्नीलाही त्याच वेळी उपचार हवेत. बांधाच्या एका अंगाची हरळी खणली आणि दुसरी तशीच ठेवली, तर ती पुन्हा आपल्या शेतात येते. स्त्रीला बहुधा त्रास जाणवत नाही, पण आत गर्भनलिका खराब होऊन वंध्यत्व येऊ शकते, आणि बाळंतपणात बाळाच्या डोळ्यांना धोका असतो. पुरुषाचेही वृषण सुजते. उपचार संपून ७ दिवस होईपर्यंत आणि त्रास पूर्ण थांबेपर्यंत पतिपत्नींनी दूर राहावे.

जिल्हा रुग्णालयांत व सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असते. तेथे तपासणी व औषध मोफत मिळते आणि नाव गुप्त राहते. खासबागहून बेळगावचे जिल्हा रुग्णालय काही दूर नाही. १०९७ या मोफत क्रमांकावरही सल्ला मिळतो.

चूक कोणाची, हा प्रश्न नंतरचा. लाजेपायी दुखणे लपवले तर ते आपल्यापाशी राहत नाही, बायकोला आणि पोरांना भोगावे लागते. पत्नीला खरे सांगणे कठीण आहे, पण तिला औषधाविना ठेवणे हा तिच्यावर अन्याय आहे.