एबीएसचा पिवळा दिवा लागला तर?

मसाले, पापड, लोणची बाजारात पोचवायला बरेच बचत गट आता मिळून जुनी गाडी घेतात. आम्ही करी रोड-लालबागचे गटही माल असाच नेतो. पुलाचा उतार, खाली गर्दी आणि पावसाळ्यात ओला रस्ता. इथं ब्रेकची रोजच परीक्षा असते. म्हणून आज एबीएसविषयी बोलू.

ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की चाकं जाम होतात, गाडी घसरते आणि स्टिअरिंग फिरवूनही वळत नाही. एबीएस चाकं जाम होऊ देत नाही. चाकाजवळचा सेन्सर दातेरी कड्यावरून वेग मोजतो. चाक अडकतंय असं कळलं की त्याचा ब्रेक सेकंदात अनेक वेळा सुटतो आणि धरतो. तेव्हा पायाखाली पॅडल थरथरतं. घाबरून पाय उचलू नका, दाबून ठेवा. आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं ते २०१९ च्या एप्रिलपासून. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत ते नसतं, म्हणून घेतानाच विचारा.

चावी फिरवली की एबीएसचा दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो. लागलाच नाही, तर शंका घ्या. दोष लपवायला दिवाच बंद करून गाडी विकणारे असतात. चालत्या गाडीत पिवळा दिवा लागून राहिला, तर एबीएस बंद पडलंय, पण साधे ब्रेक लागतात. अंतर ठेवून सावकाश गॅरेज गाठा. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी बाजूला घ्या. हँडब्रेक सुटलाय ना, ब्रेक ऑइल पुरेसं आहे ना, ते बघा. ऑइल कमी असेल तर कुठेतरी गळती असू शकते. नुसतं ओतून पुढे निघू नका, मेकॅनिकला बोलवा.

आमच्यातल्या एका गटाला गॅरेजवाल्यानं सांगितलं, "एबीएसचं अख्खं युनिट बदला." गटाची वर्षभराची बचत त्यात गेली असती. बायकांनी दुसरीकडे स्कॅनर लावून घेतला. कोड निघाला मागच्या डाव्या चाकाचा, आणि तिथं सेन्सरची वायर घासून तुटलेली होती. वायर जोडली, दिवा विझला.

यातून एक क्रम ठरवा. आधी फ्यूज आणि बॅटरी, कारण बॅटरी कमजोर असली तरी दिवा लागतो. मग स्कॅनर. कोड फक्त चाक सांगतो, त्या चाकाची वायर आणि प्लग तपासायला लावा. सेन्सरवर चिखल किंवा लोखंडाचा कीस बसलाय का, दातेरी कड्याला गंज किंवा तडा आहे का, बेअरिंग ढिलं आहे का, चारही टायर एकाच मापाचे आहेत का, हेही बघायला सांगा. युनिट सगळ्यात शेवटी. कोरड्या रस्त्यावर, गाडी थांबता थांबता पॅडल थरथरत असेल, तर बहुतेक वेळा दोष कड्यात किंवा सेन्सरमध्ये असतो.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदला. तारीख गटाच्या वहीत हिशेबाशेजारीच लिहा. माल भरण्याआधी चावी फिरवून दिवा बघायचं काम महिन्याच्या बैठकीत पाळीनं वाटून घ्या. त्याला पैसा लागत नाही, पण गाडीतल्या सगळ्यांचा जीव त्यावर असतो.