दस्तुरी नाक्यावरची पावती

दस्तुरी नाक्यावर सामान उतरवून, धाकट्याला कडेवर घेऊन आणि थोरल्याचे बोट धरून माथेरानच्या वाटेला लागावे, तो एक खिडकी आडवी येते. माणशी प्रवासी कर भरल्यावाचून पुढे पाऊल टाकता येत नाही. ‘आता हवा खायलाही कर का?’ असे पुटपुटत आपण पावती खिशात कोंबतो. मुलांचे लक्ष घोड्यांकडे, त्यांच्या आईचे फराळाच्या डब्याकडे. ती पावती बिचारी कोणीच वाचत नाही. आज दिवाळीच्या निवांतपणी ती जरा उलगडून पाहू या.

ठाण्याचे कलेक्टर मॅलेट 1850 साली या डोंगरावर चढले आणि माथेरानचे नाव झाले. 1905 साली येथे नगरपालिका आली, 1907 साली नेरळहून छोटी गाडी धावू लागली. पण गाव लहानच राहिले. 2011 च्या जनगणनेत येथली वस्ती साडेचार हजारांच्याही आत भरली. एवढ्याशा गावाने सुट्टी आली की मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांची सरबराई करायची. त्यांना अंघोळीला पाणी हवे, रात्री दिवे हवेत, स्वच्छतागृहे हवीत, आणि ते खाली उतरल्यावर मागे राहिलेला कचराही उचलायला हवा. मोटारींना बंदी असल्यामुळे गावाची हवा निर्मळ राहिली हे खरे. पण सिमेंटचे पोते असो की बटाट्याचे, घोड्याच्या पाठीवरून नाही तर हातगाडीवरून न्यावे लागते. हा सारा खर्च नुसत्या घरपट्टीतून काढायचा म्हटले, तर आपल्या अंघोळीचे पैसे तेथल्या चणे-फुटाणेवाल्याने भरल्यासारखे होईल. तेव्हा कर असावा, याबद्दल वाद नको.

वाद आहे तो कोणी किती द्यावा याचा. घरच्या पोळीभाजीचा डबा घेऊन सकाळी चढणारे आणि संध्याकाळी उतरणारे पाच माणसांचे कुटुंब पाच डोकी मोजते. तीन रात्री भारी खोलीत उतरलेले जोडपे दोनच मोजते. पाणी कोणी अधिक वापरले, हे सांगायला गणिती नको! डोक्यावरचा कर वसूल करायला सोपा खरा, पण त्याला खिसा दिसत नाही.

मग खोलीच्या भाड्यावर कर का नसावा? तो आहेच की! महाराष्ट्रात 1987 च्या कायद्याने हॉटेलांवर ऐषाराम कर होता. 2017 साली तो जीएसटीत विरून गेला. सप्टेंबर 2025 पासून रात्रीच्या 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के आणि त्यावरच्या खोलीला 18 टक्के असा दर आहे. मात्र हा पैसा राज्याच्या आणि केंद्राच्या तिजोरीत जातो. ज्या गावच्या नळाचे पाणी संपले, त्याच्या हाती तो थेट पडत नाही.

स्कॉटलंडमध्ये यावर एक तोड काढली आहे. तेथे 2024 साली कायदा झाला आणि 2025 च्या जानेवारीत एडिंबरा शहराच्या कौन्सिलने ठरवले की, मुक्कामाच्या भाड्यावर 5 टक्के आकार घ्यायचा, तोही पहिल्या पाच रात्रींपुरता. अंमल 24 जुलै 2026 पासून. स्वस्त खोलीला थोडा, महाग खोलीला जास्त. शिवाय कायद्याचे बंधन असे की, हा पैसा पाहुण्यांच्या उपयोगी पडणाऱ्या सोयींवरच खर्च व्हावा.

आपल्याकडे असे काही सुचवले, तर लॉजवाले कपाळाला हात लावतील. ‘पावसाळ्यात खोल्या रिकाम्या, त्यात हा नवा भार! गिऱ्हाईक लोणावळ्याला जाईल,’ असे ते म्हणतील, आणि ते अगदीच खोटे नाही. म्हणून दर बेताचा हवा, छोट्या खोल्यांना सवलत हवी, आणि दिवसापुरत्या येणाऱ्याचा कर त्या मानाने हलका व्हायला हवा.

पैसा जमला तरी तो घालायचा कोठे, हेही सोपे नाही. रस्त्याचेच पाहा. लाल माती दर पावसाळ्यात वाहून जाते, म्हणून पेव्हर ब्लॉक घाला, असे एकाने म्हणावे. घोडे घसरतात आणि डोंगराचे रूप जाते, असे दुसऱ्याने. अखेर 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक चालतील, आतल्या वाटांवर नाहीत. माणसाने माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्याव्यात, असेही न्यायालयाने सांगितले. एका रस्त्यात किती जणांची भाकरी गुंतलेली असते, ते यावरून कळावे.

म्हणून पुढच्या खेपेला खिडकीशी कुरकुरू नका. पावती घ्या, नीट घडी घालून ठेवा, आणि गेल्या वर्षी या पैशांचे काय झाले, ते हसतमुखाने विचारा. त्याचा हिशेब नाक्यावरच्या फलकावर ठळक अक्षरांत लागेल, त्या दिवशी खिशातली ती चिटोरी कोणाला जड वाटणार नाही.