न जाणवणारी ठिणगी

थंडीच्या दिवसांत जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगाव या भागांतली हवा चांगलीच कोरडी असते. रात्री अंधारात तुम्ही अंगातला लोकरीचा स्वेटर काढता आणि टेरिकॉटच्या सदऱ्याजवळ चट्‌चट् असा आवाज होतो. नीट पाहिले तर बारीक ठिणग्याही दिसतात. ही गंमत तुम्ही अनुभवली असेलच. पण हीच गंमत शाळेतल्या संगणकाच्या जिवावर बेतू शकते, हे तुम्हांला ठाऊक आहे काय?

दोन भिन्न पदार्थ एकमेकांवर घासले की एकावरचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. इलेक्ट्रॉन गमावणारा पदार्थ धनभारित होतो, मिळवणारा ऋणभारित. लोकर, पॉलिएस्टर, प्लास्टिक यांतून वीज सहज वाहत नाही. म्हणून हा भार जागच्या जागी राहतो. हीच स्थिर विद्युत. पावसाळ्यात वस्तूंच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा पातळ थर असतो व त्यातून भार निसटून जातो. कोरड्या केसांवर घासलेली फणी कागदाचे कपटे पौषात झटकन उचलते, श्रावणात मात्र कुचराई करते, ती यामुळेच. करून पाहा.

आता थोडे गणित. बोटातून ठिणगी उडाल्याचे आपल्याला जाणवते, तेव्हा अंगावर साधारण ३,००० व्होल्टचा दाब असतो. घरातली वीज तर २३० व्होल्टची आणि तीसुद्धा प्राण घेऊ शकते! मग आपण सुखरूप कसे राहतो? याचे कारण असे, की येथे दाब मोठा असला तरी भार अगदी थोडा असतो. शरीराची विद्युत्-धारिता १०० पिकोफॅरड धरली, तर साठलेली ऊर्जा अर्ध्या मिलिज्यूलहूनही कमी भरते. क्षणात ती संपते. घरातली वीज मात्र वाहतच राहते.

आपल्याला क्षुल्लक वाटणारी ही ठिणगी संगणकाच्या चिपला क्षुल्लक नसते. चिपमधील ट्रान्झिस्टरमध्ये काही नॅनोमीटर जाडीचा निरोधक पडदा असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सिलिकॉन डायॉक्साइडचा असा पडदा एका नॅनोमीटरमागे साधारण एकच व्होल्ट सोसतो. चिप बनवणारे तिच्यात संरक्षक जोडण्या ठेवतात हे खरे. पण त्यांनाही मर्यादा आहे. काही नाजूक भाग १०० व्होल्टलाही बिघडतात. म्हणजे १०० ते ३,००० व्होल्टच्या दरम्यानची ठिणगी चिपला मारून जाते आणि आपल्याला तिची चाहूलही लागत नाही! कधी कधी तर पडदा नुसता कमकुवत होतो. संगणक त्या दिवशी ठीक चालतो आणि काही महिन्यांनी अचानक बंद पडतो. दोष कोणाचा, हे मग कोणालाच उमगत नाही.

नारायणगावजवळ खोडद येथे असलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. तिच्या ३० तबकड्या आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. दूरच्या दीर्घिकांकडून येणारे अतिक्षीण संदेश या तबकड्या गोळा करतात व ट्रान्झिस्टरचे वर्धक ते मोठे करतात. इतके क्षीण संदेश टिपणारे परिपथ नाजूकच असणार. अशा परिपथांवर काम करताना तंत्रज्ञ मनगटाला एक पट्टा बांधतात. पट्ट्याची तार जमिनीशी जोडलेली असते आणि तिच्यात १० लाख ओहमचा रोध असतो. अंगावरचा भार त्यातून क्षणार्धात निघून जातो. चुकून २३० व्होल्टच्या तारेला हात लागलाच, तर या पट्ट्यातून पाव मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह वाहतो.

पट्टा नसेल तर? दोन हौद आठवा. त्यांतील पाण्याची पातळी वेगवेगळी असेल तर जोडनळीतून पाणी धावते. पातळी एक झाली की थांबते. आपण आणि संगणक एकाच विद्युत् पातळीवर आलो, तर ठिणगी उडायला कारणच उरत नाही. सगळे तंत्र एवढ्यातच आहे.

तेव्हा संगणकाची पेटी उघडण्यापूर्वी तो बंद करा आणि वीजजोडणीचा प्लगही काढा. स्वेटर आधीच काढून दूर ठेवा. पेटी उघडल्यावर आतल्या भागाला हात लावण्याआधी तिच्या रंग न दिलेल्या धातूला स्पर्श करा; काम चालू असताना हा स्पर्श वरचेवर करत राहा. स्मृतीची पट्टी कडांना धरा, तिच्या सोनेरी टोकांना बोट लावू नका. ती घोंगडीवर किंवा साध्या प्लास्टिकच्या पिशवीवर ठेवू नका. ज्या चंदेरी पिशवीतून ती आली, त्या पिशवीतच ठेवा. वीजपुरवठ्याची आतली डबी मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात घातक भार उरू शकतो. आणि हे सारे काम गुरुजींच्या किंवा बाईंच्या देखरेखीखालीच करा.

खेड्यातल्या शाळेत संगणक मोजकेच असतात. एक पट्टी जळली, तर नवी येईपर्यंत एका संगणकावरची सगळी मुले खोळंबतात. ही हानी टाळायला पैसा लागत नाही. पेटीच्या उघड्या धातूला आधी बोट लावायचे, एवढी सवय पुरते.