वार एक की दोन?

नेदरलँड्समधल्या माउडरस्लोट किल्ल्यात १६१७ सालचं एक चित्र आहे. कापडात घट्ट गुंडाळलेली दोन तान्ही जुळी; एक लालबुंद, दुसरं पांढरंफटक. आजच्या काही डॉक्टरांना या दोन रंगांत एका आजाराची खूण दिसते: पोटात असताना एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे गेलं असावं.

रक्तदाब, रक्तक्षय, कमी दिवसांचं बाळंतपण हे धोके सगळ्याच जुळ्यांत वाढतात. तरी जुळं आहे म्हटल्यावर पहिला प्रश्न हवा तो हा: वार एक की दोन?

एकाच बीजापासून झालेली बरीचशी जुळी एकाच वारेवर वाढतात. तिथं दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. देवाणघेवाण सहसा बरोबरीची राहते. शंभरातल्या दहा-पंधरा जोड्यांत मात्र ती एकतर्फी होते. बांध फुटून वरच्या वावरातलं पाणी खालच्यात उतरावं, तशी. वरचं पीक करपतं, खालचं कुजतं. देणाऱ्या बाळाची लघवी कमी होते, म्हणून त्याच्या पिशवीतलं पाणीही आटतं. घेणाऱ्याच्या हृदयावर ताण येतो आणि त्याच्या पिशवीत पाणीच पाणी होतं. आजार बळावला आणि उपचार झाले नाहीत, तर बहुतेकदा दोन्ही बाळं दगावतात.

हे कोडं उलगडणाऱ्या फ्रिडरिश शाट्झ यांचं नाव आज क्वचितच निघतं, याची मला खंत वाटते. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या रोस्टॉकचे हे प्रसूतितज्ज्ञ जुळ्यांच्या वारेतल्या वाहिन्यांत द्रव भरून त्यांच्या वाटा शोधत. एकाची धमनी वारेत खोल शिरते आणि तिथलं रक्त दुसऱ्याची शीर घेऊन जाते. याला त्यांनी ‘तिसरं रक्ताभिसरण’ म्हटलं. सोनोग्राफीच्या कितीतरी आधी, आणि तेही बाळंतपणानंतर टाकून देतात त्या वारेवरून!

जोड खोलात असला, तरी तिथं पोचणाऱ्या वाहिन्या वारेच्या पृष्ठभागावर दिसतात. अमेरिकेच्या ज्युलियन डी लिया यांनी १९८८ मध्ये गर्भाशयात बारीक दुर्बीण घालून लेसरनं त्याच बंद केल्या. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत लेसरनंतर निदान एक बाळ वाचण्याचं प्रमाण ७६ टक्के निघालं, नुसतं पाणी काढल्यावर ५६.

वारेचा उलगडा ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत सर्वांत चांगला होतो. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला मिळतो तिथं त्रिकोणी जाड भाग दिसला तर वार दोन, एकमेकींना चिकटलेल्या असल्या तरी. पडदा बारीक आणि सरळ टेकलेला असेल तर एक. पुढे हा फरक पुसट होत जातो. रिपोर्टवर ‘डीसीडीए’ (वार दोन) की ‘एमसीडीए’ (वार एक), हे लिहिलेलं नसेल तर विचारून घ्या. वार एकच असेल तर १६व्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला सोनोग्राफी हवी. मधेच पोट झपाट्यानं वाढून ताणलं किंवा दम लागू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.