विश्लेषण : घरी जपलेले सोयाबीन पेरल्यावर का उगवत नाही?

जून तोंडावर आला की जालना जिल्ह्यात पावसाइतकीच चर्चा बियाण्याची असते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ सुरू केली आणि या शहराचे नाव देशभर बियाण्यांशी जोडले गेले. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कारही मिळाला. तरीही याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला दरवर्षी एक प्रश्न सतावतो : मागच्या हंगामाचे ठेवलेले सोयाबीन उगवेल का?

भीती निराधार नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलेच नसल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. दुबार पेरणी म्हणजे बियाणे, खत, मजुरी सगळे पुन्हा. अशा वेळी दोष कधी पावसाला, कधी कंपनीला, कधी दुकानदाराला दिला जातो. कारणे अनेक असतात, पण त्यातले एक महत्त्वाचे कारण बियाच्या आत आहे. ते म्हणजे त्यातला मेद, शास्त्राच्या भाषेत लिपिड.

लिपिड म्हणजे फक्त तेल-तूप?

नाही. तेल, तूप, मेण, कोलेस्टेरॉल, पेशीचे आवरण हे सगळे लिपिडच. पाण्यात न विरघळणे हा त्यांचा समान गुण. तेलाच्या रेणूची रचना सोपी आहे : ग्लिसरॉलचा एक छोटा कणा आणि त्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या. हा झाला साठवणीचा मेद. एक ग्रॅम पिष्टातून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम मेदातून ९. कमी जागेत जास्त शिदोरी भरायची तर मेदाला पर्याय नाही. म्हणून सोयाबीनमध्ये १८ ते २० टक्के तेल असते. हरभऱ्यात ते ५ टक्क्यांच्या आसपास असते.

जमिनीबाहेर येऊन पान हिरवे होईपर्यंत रोपाला स्वतःचे अन्न बनवता येत नाही. तोवर ते ही शिदोरी खाते, आणि त्यासाठी तेलाचे रूपांतर साखरेत करते. माणसाच्या शरीराला मेदापासून अशी साखर तयार करणे जवळपास जमत नाही. मूठभर मातीत पडलेले बी मात्र ते सहज करते.

मग बिघडते काय?

तेल संपत नाही. बिघडतो तो दुसऱ्या प्रकारचा मेद. ग्लिसरॉलच्या तीनपैकी एका जागी शेपटीऐवजी फॉस्फेटचा गट बसला की फॉस्फोलिपिड तयार होते. त्याच्या डोक्याला पाणी आवडते, दोन शेपट्यांना नकोसे असते. असे लाखो रेणू पाण्यात आले की आपोआप दोन थरांत उभे राहतात : डोकी बाहेर, शेपट्या आत. हाच पेशीचा पडदा. त्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर असते, म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीत असे वीसेक हजार पडदे मावतील. आत काय यावे आणि बाहेर काय जावे, हे तो ठरवतो. माणसाच्या मेंदूपासून सोयाबीनच्या कोंबापर्यंत प्रत्येक जिवंत पेशी याच पडद्याच्या आधाराने उभी असते. चॉकलेटच्या वेष्टनावर ‘सोया लेसिथिन’ लिहिलेले असते, ती याच गटातली फॉस्फोलिपिडे. सोयाबीन तेल शुद्ध करताना ती वेगळी काढली जातात.

आता अडचण. सोयाबीनच्या मेदात निम्म्याहून अधिक वाटा लिनोलिक आम्लाचा असतो, शिवाय थोडे लिनोलेनिक. या शेपट्यांमध्ये दुहेरी बंध असतात आणि हवेतला ऑक्सिजन नेमका तिथेच हल्ला करतो. फरसाणाचा उघडा डबा खवट होतो, तीच ही प्रक्रिया. बियात ती पेशीच्या पडद्यातही होते. उष्णता आणि ओल जितकी जास्त, तितका तिचा वेग जास्त. बियातले ई जीवनसत्त्व या हल्ल्याला काही काळ थोपवून धरते, पण तेही हळूहळू खर्ची पडते. बी वरून टपोरे, पिवळेधमक दिसत राहते आणि आत पडदे विरत असतात.

पेरल्यावर कोरडे बी पाणी शोषते. पडदे धड असतील तर ते झटपट सावरतात. फाटलेले असतील तर पेशीतली साखर आणि क्षार बाहेर झिरपतात, आणि जमिनीतल्या बुरशीला आयती मेजवानी मिळते. बियाणे प्रयोगशाळांमध्ये या गळतीवरच एक चाचणी होते. बी ठरावीक वेळ पाण्यात ठेवायचे आणि त्या पाण्यातून वीज किती वाहते ते मोजायचे. वीज जास्त वाहिली तर क्षार जास्त गळले, म्हणजे बी अशक्त.

सरकीतही तेल असते, मग सोयाबीनच का?

प्रश्न रास्त आहे. सरकीतही जवळपास तितकेच तेल असते. फरक कवचात आहे. सरकीचे कवच जाड आणि टणक, सोयाबीनचे पातळ. कोंबाचा मूळ होणारा भाग तर या पातळ सालीच्या अगदी खाली असतो. मळणी यंत्राचा वेग जास्त ठेवला किंवा पोते ट्रॉलीवरून धाडकन टाकले की मार थेट तिथे बसतो. पोत्यांची थप्पी उंच रचू नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो ते यासाठीच.

साठवणुकीचा एक ठोकताळा हॅरिंग्टन या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो : बियातली ओल एका टक्क्याने कमी झाली की आयुष्य साधारण दुप्पट, आणि तापमान पाच अंशांनी उतरले तरी दुप्पट. जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. चाळीस अंशांच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेले आणि पंचवीस अंशांच्या थंड गोदामात ठेवलेले बी यांच्या आयुष्यात या हिशेबाने आठपट फरक पडतो. ठोकताळाच तो, पण पत्र्याखाली बी ठेवण्याआधी विचार करायला पुरेसा. प्रमाणित सोयाबीन बियाण्यात ओल १२ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी आणि उगवण किमान ७० टक्के असावी, असा नियम आहे.

पेरणीआधी घरी कसे तपासायचे?

सोयाबीन स्वपरागित पीक असल्याने सरळ वाणाचे घरचे बी वापरायला हरकत नाही. एकदा घेतलेले बियाणे तीन वर्षांपर्यंत वापरता येते, अशी कृषी विभागाची शिफारस आहे. अट एकच : उगवण तपासा. वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून-खालून बी काढून त्यातले न निवडता १०० दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगांत ठेवा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, गोणपाट ओलसर राहील इतकेच पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी सशक्त कोंब मोजा. वाकडेतिकडे, मूळ नसलेले कोंब धरू नका; खरी फसगत तिथेच होते.

काही पिकांचे बी रात्रभर भिजवून पेरतात. सोयाबीनला ते मानवत नाही, कारण पाणी एकदम आत घुसले की कमकुवत पडदे आणखी फाटतात. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वाफशावर आणि ३-४ सेंटीमीटर खोलीवरच पेरणीचा सल्ला दिला जातो.

१०० पैकी ७० किंवा अधिक दाणे उगवले तर नेहमीचे प्रमाण पुरे. थोडे कमी उगवले तर त्या मानाने बियाणे वाढवावे लागते. ६० च्याही खाली गेले तर पेरणीचा जुगार खेळू नये. ते सोयाबीन मोंढ्यावर नेता येते. पडदे फाटले तरी दाण्यातले तेल बहुतांशी तसेच असते, गिरणीला तेवढे पुरते. फक्त बुरशीनाशक चोळलेले बी मोंढ्यावर नेऊ नये. म्हणून उगवण आधी तपासावी, बीजप्रक्रिया नंतर करावी.