पात्र आहे, पण पत्ता नाही

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या गरिबाला तिचा लाभ मिळू शकतो. तरी पुलाखाली राहणारा अंध माणूस अडतो तो १५ वर्षांच्या वास्तव्याच्या पुराव्यावर. घरच नसलेल्याने वीजबिल आणायचे कुठून? पत्त्याची अट सैल केली तर बोगस लाभार्थी घुसतील, हा आक्षेप वरकरणी रास्त. पण अपंगत्व सरकारी डॉक्टर तपासतात, दुबार लाभ आधारमुळे पकडता येतो. वीजबिल यातले काहीच सिद्ध करत नाही. त्याऐवजी रात्रनिवाऱ्याचे पत्र आणि तलाठ्याची चौकशी ग्राह्य धरावी. सोबत तहसीलच्या खिडकीपर्यंत येणारा कार्यकर्ताही हवा. कागदांच्या प्रती निवाऱ्यातच ठेवाव्यात. पदपथावरची प्लास्टिकची पिशवी एका पावसात भिजते आणि सगळी धावपळ पुन्हा पहिल्यापासून.