आत परतलेली बाई

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्ड शहरात, ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ नावाचं जुनं मनोरुग्णालय आहे. जून २०११मध्ये तिथे एक नामवंत मानसशास्त्रज्ञ बोलायला उभ्या राहिल्या. समोर डॉक्टर होते, मित्रमंडळी होती, घरची माणसं होती. मार्शा लिनेहान हे नाव तोवर मानसोपचाराच्या जगात सगळ्यांना ठाऊक झालेलं. त्या दिवशी त्यांनी सांगितलं, की १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, आपण इथेच रुग्ण म्हणून दाखल झालो होतो. दोन वर्षांहून जास्त काळ. त्यातला बराचसा एकांत कोठडीत. स्किझोफ्रेनियाचं निदान, जबर औषधं, विजेचे झटके, सगळं होऊनही स्वतःला इजा करणं थांबत नव्हतं. बाहेर पडल्या तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या आणि बऱ्या झालेल्या नव्हत्या.

त्याच कोठडीत त्यांनी देवाजवळ शपथ घेतली होती: या नरकातून बाहेर पडेन, आणि मग इतरांना बाहेर काढायला पुन्हा आत येईन. ध्यान आणि मानसोपचार यांची सांगड घालणारे गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ झाले. त्यातल्या लिनेहान मला सगळ्यांत मोलाच्या वाटतात, कारण त्यांची पद्धत सर्वांत बिकट अवस्थेतल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून घडली. ज्याला आज रात्रीच जगायचं नाही, त्याला ध्यानाचा काय उपयोग, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही.

पुढे शिकागोत विमा कंपनीत कारकुनी करून त्या रात्रीच्या वर्गांना जात. १९६७मध्ये तिथल्याच एका छोट्या प्रार्थनागृहात, एका रात्री, त्यांना असा अनुभव आला की आपण स्वतःवर प्रेम करतो आहोत हे त्या पहिल्यांदाच म्हणू शकल्या. कट्टर कॅथलिक घरातल्या मुलीला आलेला तो धार्मिक अनुभव होता आणि त्यांनी तो तसाच सांगितला, त्याला शास्त्रीय मुलामा दिला नाही. पण त्यावर उपचारपद्धती उभारता येत नाही, हेही त्या जाणून होत्या. १९७१मध्ये लॉयोला विद्यापीठातून पीएचडी, मग वर्तनोपचाराचं कठोर प्रशिक्षण आणि १९७७पासून सिअ‍ॅटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ.

तिथे त्यांनी पुन्हा पुन्हा आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रिया निवडल्या. यांतल्या बहुतेकींचं निदान बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे अनेक डॉक्टर ज्यांना हात लावायला कचरतात असे रुग्ण. नेहमीच्या वर्तनोपचारात ‘हे बदला, ते बदला’ म्हटलं की त्या चवताळायच्या. आपलं दुःख कुणाला कळतच नाही असं त्यांना वाटायचं. बरं, नुसतंच समजून घेत बसलं तर त्या खचायच्या. म्हणजे हे असंच राहणार का? लिनेहान यांच्या मते यामागे दोन गोष्टी असतात. एक, जन्मजात हळवं, पटकन पेटणारं आणि उशिरा शांत होणारं मन. दुसरी, त्या मनाला सतत खोटं पाडणारा परिसर. ‘एवढं काय झालंय रडायला?’, ‘आमच्या वेळी नव्हती असली थेरं!’ ही वाक्यं आपल्याकडे कोणत्या घरात ऐकू येत नाहीत? बहुतेक मुलं त्यातून तरून जातात. हळवं मूल मात्र आपल्याच भावनांवरचा विश्वास गमावून बसतं.

रुग्णाला आहे तसं पूर्णपणे स्वीकारायचं आणि त्याच तासात त्याच्याकडून बदलाची मागणी करायची, हे दोन्ही एकदम कसं साधायचं? बदलाचं तंत्र लिनेहान यांना येत होतं. स्वीकाराचं येत नव्हतं. ते शिकायला त्या १९८३मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या शास्ता अ‍ॅबी या झेन मठात जाऊन राहिल्या, आणि पुढे जर्मनीत विलिगिस येगर यांच्याकडे. येगर हे बेनेडिक्टाइन ख्रिस्ती साधू आणि झेन गुरू, दोन्ही होते. पुढे लिनेहान यांनाही झेन शिकवण्याचा अधिकार मिळाला.

मठातलं ध्यान जसंच्या तसं दवाखान्यात आणायचा प्रयत्न फसला. आतून होरपळणाऱ्या माणसाला वीस मिनिटं डोळे मिटून श्वास बघायला सांगितलं, तर त्याला श्वास दिसत नाही, नको असलेल्या आठवणीच दिसतात. काहींनी ध्यानाला साफ नकार दिला. मग लिनेहान यांनी झेनचे बारीक तुकडे केले आणि प्रत्येकाला कौशल्य मानून शिकवायला घेतलं. जे घडतंय ते बघ. त्याचं शब्दांत वर्णन कर. त्यात उतर. हे करताना निवाडा करू नको, एका वेळी एकच काम कर, उपयोगी पडेल ते कर. बसून, चालून, भांडी घासताना, कसंही चालेल. डोळे उघडे ठेवूनही.

या सजगतेच्या जोडीला आणखी तीन कौशल्यं आहेत: असह्य क्षण निभावून नेणं, भावना सांभाळणं आणि माणसांशी नीट वागणं. यातलं एक अगदी साधं उदाहरण सांगते. भावनेचा लोंढा आला की भांड्यात थंड पाणी घ्यायचं, वाकून श्वास रोखायचा आणि डोळे-गाल बुडतील असा चेहरा अर्धा मिनिट त्यात धरायचा. पाण्यात बुडी मारल्यावर शरीर जे करतं तेच तेव्हा करतं, हृदयाची गती उतरते. (हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.) दुःख त्याने जात नाही. पण हातून भलतंच काही घडण्याआधीची ती पाच-दहा मिनिटं निघून जातात, आणि अशा वेळी तेवढ्यावरच जीव वाचतो.

हे सगळं मिळून डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, डीबीटी. आठवड्याला एक वैयक्तिक सेशन, सुमारे अडीच तासांचा कौशल्यवर्ग, रोज भरायचा तक्ता आणि अडल्या वेळी थेरपिस्टला फोन. फोनचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. इजा करून घेण्याआधी फोन करा. करून घेतलीत तर पुढचे चोवीस तास थेरपिस्ट फोनवर नेहमीसारखी मदत करणार नाही, जीव धोक्यात असेल तेवढाच अपवाद. यात माया आहे आणि शिस्तही आहे. शिवाय थेरपिस्टनेही दर आठवड्याला सहकाऱ्यांच्या बैठकीत बसायचं, कारण मरणाच्या गोष्टी ऐकून तोही थकतो. रुग्णाला काचेच्या भांड्यासारखं जपायचं नाही, खऱ्या माणसासारखं त्याच्याशी वागायचं, यावर लिनेहान यांचा फार भर होता.

आणि त्यांनी हे मोजलं. पहिली चाचणी १९९१मध्ये प्रसिद्ध झाली. २००६च्या दोन वर्षांच्या चाचणीत तुलना अनुभवी तज्ज्ञांच्या उपचाराशी होती, तरीही डीबीटी घेतलेल्या स्त्रियांत आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यांचं प्रमाण निम्मं निघालं.

या वाटेवर त्या एकट्या नव्हत्या. जॉन कबात-झिन या जीवशास्त्रज्ञाने १९७९मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठी सजगता-वर्ग सुरू केला. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी तो नैराश्यासाठी बेतला. २०००च्या त्यांच्या चाचणीत, नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्यांत ते उलटण्याचं प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३७वर आलं. मानसशास्त्रज्ञ आणि बौद्ध साधक असलेल्या जॉन वेलवूड यांनी १९८०च्या दशकातच बजावलं होतं, की जुन्या जखमांकडे पाठ फिरवायलाही माणसं अध्यात्म वापरतात. डेव्हिड ट्रेलिव्हन यांचं २०१८चं पुस्तक याच धोक्याची दुसरी बाजू मांडतं: आघातातून गेलेल्यांना शांत बसवणं कधीकधी घातक ठरतं.

आपल्याला हे नवं वाटू नये. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका १९५५मध्ये ब्रह्मदेशात आपले गुरू ऊ बा खिन यांच्याकडे पहिल्यांदा गेले ते असह्य डोकेदुखीपायी. १९६९मध्ये ते भारतात आले, १९७६मध्ये इगतपुरीत धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभं राहिलं. अमेरिकेत पुढे ध्यान रुजवणाऱ्या शॅरन साल्झबर्ग त्यांच्याच बोधगयेच्या शिबिरात पहिल्यांदा बसल्या. दहा दिवसांच्या मौनाचं बळ मोठं आहे, मला त्याबद्दल आदर आहे. पण शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात ते उगीच नाही. घरातल्या खचलेल्या मुलाला ‘जा, विपश्यना करून ये, ताळ्यावर येशील’ म्हणून पाठवणारे आईबाप तो रकाना कोरा ठेवतात, तेव्हा ते मुलाचं भलं करत नाहीत. त्या मुलाला आधी माणूस हवा, नियमित भेटणारा, ऐकणारा, गरज पडल्यास औषध देणारा. मौन नंतर.

मुंबई-पुण्यात डीबीटी शिकलेले थेरपिस्ट आता भेटतात, पण वर्षभराची साप्ताहिक सेशन्स किती घरांना परवडतील? कौशल्यवर्गाला मात्र फारसं काही लागत नाही: एक खोली, फळा, दोन प्रशिक्षित माणसं आणि मराठीतले तक्ते. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आठवड्यातून एक दुपार असा वर्ग भरवणं शक्य आहे, आणि ते व्हायला हवं. तोवर कुणाला रात्री-अपरात्री जगणं नकोसं झालं, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२पासून ही सेवा सुरू आहे. ती चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.